चावरी दांडी

शनिवार, २७ सप्टेंबर

आज ऋग्वेदचा व्हिडिओ पाहिला. एकदा पाहिला, परत पाहिला, आणि आईने ताटात वाढलेली भाजी गार होईपर्यंत पाहतच बसले. गुरुग्रामच्या त्या काचेच्या इमारतीच्या गच्चीवर उभा राहून हा माणूस सांगतो, "ये आयडिया मुझे फ्लाइट में आया." आणि हातात काय? माझा चाकू. त्या दांड्यांचा बाक मी आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, मुलांच्या खेळायच्या मातीत अंगठ्याने दाबून दाबून काढला होता. फ्लाइटमध्ये म्हणे! फ्लाइटमध्ये हा झोपतो. बंगळुरूला जाताना माझ्या शेजारी तोंड उघडं टाकून झोपला होता.

ही वही आई कधी ना कधी वाचणारच, म्हणून सांगून ठेवते. आई, तो खरा चाकू नसतो. त्याला बटरफ्लाय म्हणतात. दोन दांड्या, मधे एक पातं, आमच्या कंपनीत ते बोथट असतं. मनगटाला झटका दिला की दांड्या भिरभिरतात, पातं उघडतं, मिटतं, बोटांवरून उडी मारतं. पोरंपोरी याचा तासन्‌तास सराव करतात आणि व्हिडिओ टाकतात. यातली एक दांडी अशी असते की पात्याची धार तिच्याकडे मिटते. खऱ्या चाकूत ती धरली तर बोटं गेलीच. तिला मी चावरी म्हणते, दुसरीला शहाणी. ही नावं माझी आहेत, एवढी तरी अजून माझी आहेत.

ऋग्वेद पुण्याचा. मला कामावर घेताना म्हणाला होता, "आपण मराठी माणसं, कागदबिगद कशाला, घरचंच आहे." मग विचारलं, "रामटेके म्हणजे नागपूरकडचे का?" मी हो म्हटलं, त्यावर तो "अच्छा" म्हणाला आणि जरा थांबला. ते थांबणं मी शाळेपासून ओळखते. तरी राहिले, कारण काम फार आवडायचं. जूनमध्ये मी ऑफिसातल्या सगळ्यांना मेल लिहिला की ज्याने वस्तू घडवली त्याचं नाव डबीवर हवं. तो हसून म्हणाला, "डबी कोण वाचतं, यार?" त्याच दिवशी मी राजीनामा दिला.

मी त्याचं नाक कापणार आहे. तेही बोथट पात्याने.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा, म्हणजे आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. आर. के. पुरमला गेलो. बाबांची नोकरी संपून क्वार्टर सुटलं, पण आजच्या दिवशी आईला तिथलेच शेजारी लागतात. पांढरी साडी नेसून मीही बसले. भन्तेजी रागाविषयी फार छान बोलले. मी मान डोलावत होते आणि मनात दांडीचं वजन ठरवत होते.

परतताना बसमध्ये बाबांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून शांतपणे पाहिला. बाबांनी मंत्रालयात उभं आयुष्य टिपण्या लिहिल्या, ज्यांच्या खाली मोठी सही दुसऱ्याचीच असायची. मला वाटलं, हे तरी भडकतील.

"छान फिरवतो," म्हणाले.

"बाबा, ते माझं आहे!"

"कळलं मला. म्हणून तर छान आहे."

मला असलं कौतुक नको आहे. मला तो सगळ्यांसमोर तोंडघशी पडलेला हवा आहे.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

ठरलं. त्याचा, म्हणजे माझाच, जुना चाकू पोरं कचऱ्यात टाकतील असा नवा चाकू करायचा. आदर्श चाकू. आज दिवसभर तो कसा असेल याचाच विचार केला.

पहिलं म्हणजे तो लहान पंजाचा हवा. बाजारातले सगळे चाकू पुरुषी पंजाचे, जणू मुलींना मनगटच नसतं. लहान पंजा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे चंदाचा हात येतो. ऋग्वेदच्या ऑफिसात माझ्या हाताखाली शिकत होती, नांदेडची, बोटं इतकी बारीक की तिची अंगठी पायाच्या बोटातली वाटावी. दुसरं, डोळे मिटून धरला तरी शहाणी दांडी कुठली ते अंगठ्याला कळलं पाहिजे. रंगाने नाही, खुणेच्या पट्टीने नाही. शहाण्या दांडीला एक उथळ खळगा द्यायचा, दिसणारही नाही इतका, पण अंगठा आपोआप तिथे जाऊन बसेल. तिसरं, मिटताना आवाज एकच यावा. जुन्यात दोन येतात, एक मिटल्याचा आणि एक दांड्या एकमेकींवर आपटल्याचा, तो मला पहिल्यापासून खुपतो.

चौथी गोष्ट आज मेट्रोत कळली. जुन्या चाकूचा नमुना पर्समध्ये होता. मशीनमध्ये पर्स गेली आणि तपासणीतल्या बाईंनी मला बाजूला घेतलं.

"ये क्या है, मैडम?"

"खिलौना है."

"ऐसा खिलौना?"

मी करून दाखवलं. मागे रांग थांबली, एक काका तर मोबाइल काढून शूटिंग करायला लागले. बाईंनी स्वतः फिरवून पाहिला, तो नेमका त्यांच्या बोटाच्या हाडावर बसला. त्या हसल्या, हात झटकला, पण मला आत सोडलं नाही. "इसमें कंघी लगवा लो, फिर ले जाना."

रिक्षाने घरी आले आणि रस्ताभर त्याच वाक्याचा विचार केला. दिल्लीतल्या पोरीला खिशात घालून मेट्रोत नेता येत नसेल तर तो चाकू आदर्श कसला? पात्याच्या जागी कंगवा. दात गोल टोकांचे, मधे फट. वजनही बरोबर जमतं.

हे सगळं ऋग्वेदला आयुष्यात सुचलं नसतं, कितीही फ्लाइट पकडल्या तरी.

शनिवार, ११ ऑक्टोबर

चाकूचा जीव सांध्यात असतो. आज कपाटात आईचं सुपारी कातरायचं ते सापडलं. मला शब्दच आठवेना.

"आई, याला काय म्हणतात?"

"अडकित्ता. तेवढंही येत नाही का गं आता?"

उघडून मिटून बघत बसले. दोन दांड्या, एक सांधा, माझ्या चाकूचा काकाच म्हणायचा. किती जुना, आणि सांधा अजून ढिला नाही.

आमच्या चाकूचं दुखणं तिथेच आहे. पात्याच्या भोकात धातूची बारीक नळी बसते, तिला बुश म्हणतात. बुश पात्याच्या जाडीपेक्षा केसभर लांब हवा, मग स्क्रू कितीही आवळला तरी पातं मोकळं फिरतं. तरीही दांडी फिरताना आतली पिन थोडी थोडी तिच्याबरोबर फिरते आणि स्क्रू सैल होत जातो. मी पिनचं एक अंग सपाट केलं आणि दांडीतलं भोकही तसंच, एका बाजूने सपाट. आता पिन फिरूच शकत नाही. महागड्या चाकूंत लोक असं काही करतात, पण पोरांना परवडणाऱ्या खेळण्यात कुणी केलेलं नाही. कागदावर काढलं आणि स्वतःच्याच पाठीवर थाप मारावीशी वाटली.

मग दुसरी कल्पना आली. बुश केसभर लांबऐवजी केसभर आखूड केला तर? स्क्रू आवळला की पातं जाम होणार, म्हणून कारागीर तो थोडा सैल ठेवणार. सैल ठेवला की लोण्यासारखं फिरेल, बघणारा खूश होईल. आणि काही आठवड्यांनी एक दिवस दांडी हातात आणि पातं हवेत. हजारो डब्या परत येतील. लोक ऋग्वेदचं नाव घेऊन शिव्या घालतील.

पहिली कल्पना चांगली आहे. दुसरी मला जास्त आवडली.

रविवार, १९ ऑक्टोबर

उद्या दिवाळी. चंदा सोनपापडीचा डबा घेऊन गुरुग्रामहून आली, म्हणजे जवळजवळ दिल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. अशी लांबून ती उगीच येणार नाही. तिला ऋग्वेदनेच पाठवलं असणार, हे मी दार उघडतानाच ओळखलं. म्हणून मी नवा नमुना टेबलावर दिसेल असा ठेवला होता. आखूड बुशवाला.

"ताई, तुमच्याशिवाय ऑफिस एकदम बोअर झालंय."

"तुझे सर काय म्हणतात?"

"बदललेत हो थोडे. तुमच्या त्या मेलनंतर ना, त्यांनी..."

मी तिला चहा दिला आणि विषय बदलला. सोनपापडी खाता खाता त्याचं गुणगान ऐकायची माझी तयारी नव्हती. तिची नजर टेबलाकडे गेली. उचलला, फिरवला, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"ताई! हे तर माझ्याच हाताचं आहे."

मला वाईट वाटलं, क्षणभर. तिने फिरवलाही फार सुंदर. मी शिकवलेलं सगळं मनगटात आहे.

"मी हे वापरू का? म्हणजे, सरांना दाखवू? कारण या वेळी ना, ताई, माझं..."

"खुशाल दाखव. मी सोडून दिलंय ते सगळं. ड्रॉइंगपण ने. फक्त माझं नाव घेऊ नकोस, तो बिचकेल."

"असं कसं ताई, तुमचं आहे."

"मी म्हणते ना."

किती सभ्य हेर! परवानगी मागून चोरी करते. गेल्यावर मी एकटीच हसले. आई म्हणाली, पोर वाळली आहे, जेवूनच जा म्हणायचं होतंस. खरं आहे, माझ्या लक्षातच आलं नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

चंदाचा मेसेज: "सर एकदम फिदा!! डिसेंबरमध्ये लाँच!!"

मनात उकळ्या फुटत आहेत. खळगा त्याला आवडला, कंगवा आवडला, सांध्याबद्दल म्हणाला की बटर आहे बटर. घाल बाबा, खिशात घाल. सपाट पिन मात्र मी दिलेली नाही. ती माझ्या खऱ्या चाकूसाठी ठेवली आहे. याचा फुटला की त्यानंतर माझा येईल, माझ्या नावाने.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

हवा इतकी घाण आहे की समोरचा टॉवर दिसत नाही. बाबांचा खोकला सुरू झाला. मी दारं-खिडक्या लावून बसते आणि लोक पुढे काय काय लिहितील ती वाक्यं स्वतःच रचून बघते. "दोन आठवड्यांत दांडी हातात आली." "पैसे परत करा." "कुणी बनवलंय हे?" हे शेवटचं मला सगळ्यात गोड लागतं.

चंदा रोज फोन करते. कंगव्याला दात किती ठेवू, डबी उभी की आडवी. आज विचारलं, "ताई, तुम्ही असता तर रंग कुठला घेतला असता?" बघा, त्याला रंगसुद्धा माझाच पाहिजे! सांगणार नव्हते. पण मग तिने राखाडी म्हटलं आणि मला राहवलं नाही, मोरपंखी सांगून टाकला. राखाडी म्हणजे अगदीच सरकारी कपाट झालं असतं.

शिवाय बोलता बोलता रडल्यासारखी वाटली. काय झालं विचारलं तर म्हणे काही नाही, पप्पा डिसेंबरात दिल्लीला येतायत, पहिल्यांदाच. मग त्यात रडायचं काय? लाल किल्ला दाखव आणि पाठव परत. ही मुलगी ऋग्वेदच्या सहवासात फार नाटकी झाली आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी चंदाने डबीचा फोटो पाठवला. मोरपंखी. खाली, कंपनीच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत: संकल्पना आणि रचना, चंदा सोनकांबळे.

त्याखाली तिचा मेसेज, तो आहे तसा लिहिते: "ताई तुमच्या मेलनंतर सरांनी रूल केला, आता प्रत्येक डबीवर डिझायनरचं नाव. पहिलं माझं आलं! मी त्या दिवशी तुम्हाला हेच सांगत होते. जॉब पण यावरच कन्फर्म होणार आहे. पप्पा येतायत बघायला. स्टेजवर मीच फिरवून दाखवणार. तुमचं नाव टाकू का अजून? प्लीज सांगा."

म्हणजे ती हेर नव्हती. तिला स्वतःचं काहीतरी करायचं होतं आणि कल्पना सुचत नव्हती, म्हणून ती दिल्लीच्या या टोकाला माझ्याकडे आली होती.

मी फोन उलटा ठेवला. सगळा दिवस उलटाच होता.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मला काय त्याचं? नोकरी गेली तर दुसरी मिळेल. मला मिळाली का? नाही मिळाली, पण तिचं वय लहान आहे. नुकसान ऋग्वेदचंच सगळ्यात जास्त होणार. आणि डबी कोण वाचतं, असं तोच म्हणाला होता.

हे लिहिलं आणि वाचून स्वतःचीच लाज वाटली. तरी खोडत नाही. राग गेलेला नाही, तोही खोटा नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आखूड बुशचा माझा नमुना दिवाळीपासून मी रोज फिरवते आहे. आज दुपारी आरशासमोर फिरवताना चावरी दांडी सुटली. आवाज झाला नाही, काही नाही. डोळ्याच्या खाली, हाडावर बसली. बोटभर वर बसती तर या नोंदी आज बाबांना लिहायला सांगाव्या लागल्या असत्या.

बाबांनी थंड पाण्याचा फडका धरला. मी म्हटलं, दारावर आपटले. ते म्हणाले, "एवढं ठेंगणं दार आपल्या घरात कुठलं?" मग फडका पुन्हा भिजवून दिला.

चंदा स्टेजवर डोळ्यांसमोर धरून फिरवते. ती पद्धत मीच शिकवली आहे, लोकांना बघायला आवडते म्हणून.

गुरुवार, २० नोव्हेंबर

फोन केला.

"चंदा, बुश बदलावा लागेल."

"का ताई? सॅम्पल तर मस्त चाललंय. सर म्हणाले आता काही बदलायचं नाही, सोमवारी माल कापायला टाकायचा."

"माझ्याकडून माप चुकलं."

"तुमच्याकडून?" तिला हे खरंच वाटेना. "तुमच्याकडून माप कसं चुकेल?"

काय सांगणार? हा खड्डा तुझ्या सरांसाठी खणला होता, तू मधे आलीस, असं? माल कापणारं फरीदाबादचं वर्कशॉप धुरक्यामुळे लागलेल्या बंदीत बंद आहे, सोमवारी उघडणार. नुसता बुश लांब केला तर दांड्यांच्या मधली फट वाढते आणि कंगवा लटपटतो, मी तो सगळा सांधा त्या आखूड मापावरच बेतला होता. आता त्याला नीट करायचा एकच उपाय आहे आणि तो माझ्या कपाटात आहे. सपाट पिन, ती असली की स्क्रू सैल ठेवूनही सुटत नाही.

म्हणजे ऋग्वेदला माझा खरा चाकू द्यायचा, पूर्ण, काहीही न राखता. आणि माझ्याकडे उरणार काय? अडकित्ता.

शिव्या देत बसले. त्याला दिल्या, मग स्वतःला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

मेट्रोने फरीदाबादला. चंदालाही तिथे बोलावलं होतं. नवा नमुना पर्समध्ये होता, कंगवा म्हणून सुटला. वर्कशॉपवाल्या राघवजींनी ड्रॉइंग पाहून आधी कटकट केली, मग एक पिन कापून दिली. मशीनच्या आवाजात चंदाच्या हातात जोडलेला चाकू दिला. तिने एकदाच फिरवला आणि थांबली.

"ताई, हे आधीच्यापेक्षा कितीतरी पुढचं आहे. हे तुम्ही मला तेव्हा का नाही दिलं?"

"तेव्हा सुचलं नव्हतं." खोटं.

"मग हे तरी तुमच्या नावाने जाऊ दे. मी सरांना सांगते."

माझं नाव आलं की ऋग्वेद विचारणार, जुनं ड्रॉइंग कुणाचं होतं. तो मूर्ख नाही. बुशचं माप बघितलं की त्याला सगळं कळेल. मग मी अशी बाई ठरेन जिने पोरांच्या डोळ्यांवर सूड उगवला. आणि चंदालाही ते कळेल. ते दुसरं मला पहिल्यापेक्षा जास्त नको होतं.

"हे बघ," मी म्हटलं, "माझं नाव काढलंस तर मी तुझ्याशी कधी बोलणार नाही. कुणी विचारलं, कुणाचं आहे, तर काय सांगशील?"

"तुमचं."

"नाही. माझं आहे, म्हणायचं. म्हण."

"ताई, प्लीज."

"म्हण."

पहिल्यांदा ती खाली बघून म्हणाली. मी परत म्हणायला लावलं. मग परत. शेवटी मान वर करून, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "माझं आहे," आणि तिच्या आवाजात असा ठामपणा आला की मलाच क्षणभर खरं वाटलं.

परतताना तिने माझ्यासाठी छोले-कुलचे घेतले. मी ते बांधून घरी आणले.

शनिवार, १३ डिसेंबर

जाणार नव्हते. बाबा म्हणाले, जा, नाहीतर सगळा दिवस फोनवर बघत बसशील. म्हणून गेले.

व्हिडिओतली तीच गच्ची, जागोजागी हीटर लावलेले. कॉलेजची खूप मुलं, आणि या वेळी खूप मुली. चंदा मोरपंखी कुर्ता घालून स्टेजवर आली. तिचे वडील पहिल्या रांगेत, नांदेडच्या हिशेबाने दोन स्वेटर घालून, टोपी मांडीवर ठेवून बसलेले. तिने चाकू डोळ्यांसमोर धरून फिरवला आणि मी श्वास रोखला. सांधा डळमळला नाही. सपाट पिन तशीच्या तशी. पोरी ओरडायला लागल्या.

एका मुलीने माइक घेऊन विचारलं, "ये पूरा डिज़ाइन आपने अकेले किया?"

चंदाने मला शोधलं. मी मागे, खांबाजवळ होते. मी मान हलवली.

"हाँ," ती म्हणाली. "मेरा है."

वडिलांनी टोपी डोळ्यांना लावली. सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. वाटलं, आत्ता जाऊन माइक हिसकावून घ्यावा. खळगा माझा, कंगवा माझा, पिन माझी, तो रंगसुद्धा माझा! तिने मी सांगितलं तेच केलं आणि तरी मला तिचा राग आला, हे इथे लिहून ठेवते.

कॉफीच्या टेबलाजवळ ऋग्वेद आला. हातात चाकू. त्याने तो दोनदा उघडला, मिटला, अंगठा त्या खळग्यावर ठेवला.

"हे चंदाचं नाही."

"डबी वाच."

"नीलम, यार. मला तुझं काम कळत नाही का? मी ते जितकं बघितलंय तितकं कुणी बघितलं नसेल. हे तू केलंयस." त्याने आवाज खाली आणला. "खरं सांग. मी आत्ता वर जातो आणि सगळ्यांना सांगतो, हे नीलमचं आहे. आधीचंही सांगतो. ते फ्लाइटवालं... ते मी बोलायला नको होतं."

मी जूनपासून ज्या वाक्यासाठी जळत होते ते वाक्य तो स्वतःच्या तोंडाने बोलत होता. खरंच बोलत होता का नाटक करत होता, कोण जाणे. चेहरा खरा वाटत होता आणि तेच मला सोसत नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर स्टेजवर तो पडला असता, मला हवा होता तसाच, कॅमेऱ्यासमोर. पण त्याच्या आधी चंदा पडली असती. आत्ताच सगळ्यांसमोर माझं आहे म्हणाली होती, आणि पहिल्या रांगेत ते दोन स्वेटर बसले होते.

"चंदाचंच आहे," मी म्हटलं.

"शपथ?"

"तिने सांगितलं ना आत्ता. तुला ऐकू आलं नाही का?"

त्याला खात्री होती आणि त्याला काही करता येत नव्हतं. तेवढ्यापुरतं फार गोड वाटलं, खरंच वाटलं. बहुतेक एवढाच सूड माझ्या वाट्याला होता.

इतक्यात चंदाचे वडील टोपी हातात घेऊन आमच्याकडे आले.

"जय भीम, ताई. तुम्ही नीलमताई ना? आमची चंदा सारखं तुमचं नाव घेते."

"जय भीम, काका."

"लई मोठं काम केलं हो पोरीनं. तुम्हीपण अशाच वस्तू काढता ना? सध्या काय चाललंय तुमचं?"

ऋग्वेद तिथेच उभा होता, चाकू मिटून हातात धरलेला.

"सध्या काही नाही, काका," मी म्हटलं. "काही सुचत नाहीये."